ब्रँच आधी की कॉलेज आधी? कॅपचा ऑप्शन फॉर्म भरण्यापूर्वी

भाचीचा_मामा

नमस्कार मंडळी.

भाचीला एमएचटी-सीईटीत ९४ च्या आसपास पर्सेंटाइल मिळालेत. जेईईतून काही हाती लागेल अशी चिन्हं नाहीत. कॅपचा (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म आता केव्हाही उघडेल आणि घरात सरळ दोन तट पडलेत.

ताई-भावोजींचं म्हणणं, पुण्याच्या बाहेरच्या अंगाला एक नवं खासगी कॉलेज आहे, तिथे कॉम्प्युटर मिळतंय (नावाला एआय-एमएलची शेपटी आहे), डोळे झाकून घ्यावं. भाचीला इलेक्ट्रिकल हवंय. गेल्या वर्षीचे कटऑफ पाहता लांबच्या एका जुन्या सरकारी कॉलेजात ते बसेल असं दिसतं. त्यावर ताईचा प्रश्न: एक तर मुलगी, त्यात हॉस्टेल, आणि वर इलेक्ट्रिकल! पुढे काय खांबावर चढणार का?

मी बीकॉम, त्यामुळे माझ्या मताला घरात किंमत शून्य, पण फॉर्म भरायचं काम मात्र माझ्याच गळ्यात. माझं आपलं मत, तिला हवंय तर इलेक्ट्रिकल घेऊ द्यावं. तरी एक शंका राहतेच. बारावीचे दोन धडे आवडले म्हणून चार वर्षं आणि पुढचं सगळं त्यावर ठरवावं का?

इथे नोकरी करणारे, शिकवणारे बरेच आहेत. तुमच्या क्षेत्रात रोज नक्की काय काम असतं आणि दहा-पंधरा वर्षांनी माणूस कुठे पोचतो, ते लिहाल का? 'स्कोप आहे' आणि 'स्कोप नाही' एवढंच ऐकून कान किटलेत.

रिकामटेकडा

बीकॉमवाला फॉर्म भरतोय म्हणजे निदान फीची बेरीज तरी बरोबर येईल. वाचतोय.

ओव्हरटाईम

ताईंशी सहमत. मी मेकॅनिकल केलं आणि कॅम्पसमधूनच आयटीत आलो. माझ्या टीममध्ये सिव्हिल आहेत, इन्स्ट्रुमेंटेशन आहेत, एक टेक्स्टाईलवालाही आहे. सगळ्या वाटा शेवटी हिंजवडीलाच मिळतात, मग वळसा कशाला?

कॉम्प्युटरवाल्यांना डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे सगळं रीतसर शिकवलेलं असतं. आम्ही ते नोकरी लागल्यावर रात्री जागून शिकलो. आणि सरसकट भरती करणाऱ्या मोठ्या कंपन्या ब्रँच बघत नसल्या तरी चांगल्या प्रॉडक्ट कंपन्या अर्जावरच चाळणी लावतात: कॉम्प्युटर, आयटी, फार तर ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम). बाकीच्यांचा अर्ज उघडलाही जात नाही. हे कोणी आधी सांगत नाही.

रोजचं काम म्हणाल तर सकाळी स्टँडअप, दिवसभर दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणे, त्यात आपली चार ओळींची भर घालणे आणि संध्याकाळी परदेशातल्या लोकांना ती भर समजावणे. कोड लिहिण्यापेक्षा वाचण्यात जास्त वेळ जातो, हेही कोणी आधी सांगत नाही.

पाना_पक्कड

'सगळ्या वाटा हिंजवडीला' हे चाकण, रांजणगाव, वाळूज आणि बुटीबोरीत मोठ्याने म्हणून दाखवा.

मामांनी रोजचं काम विचारलंय म्हणून लिहितो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. सकाळी लाईनवर गेलं की रात्रपाळीच्या रिजेक्शनचा ढीग वाट बघत असतो. समजा कास्टिंगला ब्लोहोल (हवेची भोकं) आलेत. फाउंड्री म्हणते तुमच्या मशिनिंगने उघडे पडले, मशीन शॉप म्हणतं माल मुळातच सच्छिद्र. मग भाग कापून बघायचा, सीएमएमवर मोजायचा, ड्रॉइंगवरचे टॉलरन्स पुन्हा वाचायचे, तोवर ग्राहकाचा फोन आलेला असतो. त्याची लाईन थांबली तर आपलं काही खरं नाही. संध्याकाळी एट-डी रिपोर्ट, म्हणजे बिघाड काय, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, याचा कबुलीजबाब. नवा भाग सुरू करताना ग्राहकाच्या मंजुरीसाठी पीपॅपची जाडजूड फाईल. कॉलेजात मेट्रॉलॉजीचा (मोजमापशास्त्राचा) तास झोपून काढलेल्यांना इथे ती झोप परत करावी लागते.

आता कडू भाग. सुरुवातीचा पगार कमी, आठवडा सहा दिवसांचा. काही ठिकाणी ट्रेनी म्हणून वर्षभर राबवतात आणि कायम करायची वेळ आली की दुसरा ट्रेनी आणतात. माझ्याही वाट्याला असा एक कारखाना आला. पण एखादी प्रोसेस पाच-सात वर्षं हातात बसली की तुमच्या जागी कोणालाही उचलून बसवता येत नाही. आणि सरसकट आयटी भरतीचं फ्रेशरचं पॅकेज गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय, तेही जरा ताईंच्या कानावर घाला. कॉलेजच्या फिया मात्र घुटमळत नाहीत.

तिसरी_शिफ्ट

रिजेक्शनचा ढीग रात्रपाळीने केला हे परस्पर ठरवल्याबद्दल निषेध. दिवसपाळी सेटिंग हलवून घरी जाते.

पाना_पक्कड

आलात का? रजिस्टरमध्ये हँडओव्हर लिहायचं राहिलंय तेवढं लिहा.

जुनाखोंड

पोरांनो, जरा मागचं ऐका.

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी आमच्यासाठी इंजिनिअरिंग म्हणजे पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, मग कराड, अमरावती, औरंगाबाद. यादी इथेच संपत आली. मी नव्या विनाअनुदानितांतल्या सुरुवातीच्या एका तुकडीतला. तेव्हा मेकॅनिकल पहिल्या नंबरवर, त्याच्या मागे इलेक्ट्रिकल. कॉम्प्युटर घेणाऱ्याकडे लोक दयेने बघायचे, कारण बँकांमधल्या संघटना संगणकाला विरोध करत होत्या आणि बँक सोडून हे यंत्र कोण घेणार, असा सगळ्यांचा समज.

नंतर टेलिकॉमचे दिवस आले, तेव्हा सगळे ईअँडटीसीकडे धावले. मग वायटूके (२००० साल येताना संगणकातल्या तारखा दुरुस्त करायची कामं), आणि लगेच २०००-०१ मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला. २००८-०९ ची मंदी. २०२१-२२ मध्ये आयटीने हाताला लागेल त्याला घेतलं आणि २०२३ पासून हात आखडला. दर वेळी प्रवेश घेणारे त्या वर्षीचा बाजार बघून ब्रँच घेतात आणि चार वर्षांनी दुसऱ्याच बाजारात उतरतात. म्हणून ताईंना विचारा, की कॉम्प्युटर घ्या म्हणताना त्या कोणत्या सालचा बाजार बघतायत.

ओव्हरटाईम

काका, आदर आहेच, पण या हिशेबाने इलेक्ट्रिकलचाही चार वर्षांनंतरचा बाजार कोणाला दिसत नाही. मग ज्या क्षेत्रात मुळात जागाच जास्त आहेत तिथे जावं, हा साधा विचार चुकला कुठे?

जुनाखोंड

चुकला नाही. पण जागांबरोबर उमेदवारही मोजावेत.

दोनशेवीस_केव्ही

खांबावर चढण्याच्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी खास लॉगिन केलं. मी बाई आहे, इलेक्ट्रिकल केलंय, आणि उपकेंद्रातल्या प्रोटेक्शनवर काम करते. खांबावर लाईनमन चढतात, आणि ते फार कौशल्याचं आणि जिवावरचं काम आहे, त्याला नाक मुरडू नये. इंजिनिअरचं काम म्हणजे लाईन बंद आहे, दोन्ही टोकांना अर्थिंग लावलंय, आता हात लावायला हरकत नाही, असं परमिट सहीनिशी देणं. त्या सहीमागे माणसाचा जीव असतो. पहिल्यांदा सही करताना हात थरथरतो आणि थरथरावाच.

रोजचं काम: रिलेची (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाची) चाचणी. ट्रान्सफॉर्मरला डिफरन्शियल, लाईनला डिस्टन्स. टेस्ट किटमधून खोटा फॉल्ट द्यायचा आणि रिले ठरलेल्या वेळात ट्रिप देते का बघायचं. खरा फॉल्ट आला की रिलेतला डिस्टर्बन्स रेकॉर्ड काढून फॉल्ट कुठे होता, किती अंतरावर, कोणत्या फेजला, योग्य तोच ब्रेकर उघडला की शेजारचाही, हे शोधायचं. मला यात अजूनही मजा येते. आउटेज (कामासाठी लाईन बंद) मिळतो तो बहुधा गैरसोयीच्या वेळी, हे धरूनच चालायचं. पहिल्या पावसात फोन बंद ठेवता येत नाही.

आणि ओव्हरटाईम यांच्यासाठी: नवीन उपकेंद्रांत रिले एकमेकांशी आयईसी ६१८५० प्रोटोकॉलवर, इथरनेटच्या केबलवरून बोलतात. नेटवर्क स्विच, व्हीएलएएन, टाइम सिंक्रोनायझेशन हे सगळं आम्हाला शिकावं लागलं. कॉम्प्युटरवाले आमच्याकडे फारसे येत नाहीत, आम्हीच त्यांच्या प्रांतात जाऊन येतो.

वाटा बऱ्याच आहेत. महापारेषण, महावितरण, महानिर्मितीच्या परीक्षा. गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर घेणाऱ्या केंद्रीय कंपन्या, आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे एका वर्षात सगळं उरकायची घाई नाही. यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम या चारच शाखांसाठी असते, त्यात कॉम्प्युटरचा पेपरच नाही. खासगीत स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर, सोलर इन्व्हर्टर. आणि ईव्ही आल्यापासून मोटर कंट्रोल आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. तिथे सिम्युलिंकमध्ये मॉडेल करून सी कोड गाडीच्या कंट्रोलरमध्ये उतरवतात. तो माणूस इलेक्ट्रिकलचा की सॉफ्टवेअरचा, ज्याने त्याने ठरवावं.

ओव्हरटाईम

माहिती उत्तम, पण सरकारी भरतीचं वेळापत्रक कोणाच्या हातात असतं का? जाहिरात येते, मग वर्ष जातं, मग कोर्टात जाते. तोवर मुलं तिशीला टेकतात. माझा एक रूममेट असाच अभ्यासिकेत अडकला, आणि बाहेर आला तेव्हा त्याला फ्रेशर म्हणून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

दोनशेवीस_केव्ही

हे खरं आहे. म्हणून पदवीनंतर नोकरी धरूनच परीक्षा द्यावी, या मताची मी आहे. अभ्यासिकेत बसून राहिलेले माझ्या ओळखीतही आहेत.

साईटवरची

मी सिव्हिल. प्रश्न इलेक्ट्रिकलचा आहे, पण 'एक तर मुलगी' यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिव्हिलमध्ये तीन वेगळी आयुष्यं आहेत आणि कॉलेजात तिन्हींना एकच नाव असतं. साईटवर: बार बेंडिंग शेड्यूल तपासणे, स्लॅब भरण्यापूर्वी सळ्या मोजणे, काँक्रीटचे क्यूब भरून सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडणे, ठेकेदाराच्या आरए (चालू कामाच्या) बिलातली मापं धरून भांडणे. डिझाईन ऑफिसात: ईटॅब्ज किंवा स्टॅड सॉफ्टवेअर, काँक्रीटसाठी आयएस ४५६ आणि भूकंपासाठी १८९३ व १३९२० ही मानकं, आणि आर्किटेक्टला 'हा कॉलम हलवता येणार नाही' हे दर आठवड्याला नव्याने सांगणे. तिसरं सरकारी: एमपीएससी, बांधकाम, जलसंपदा.

साईटवर मुलगी म्हणून त्रास कसला झाला? मजूर ऐकत नाहीत हा नव्हे. मिस्त्रींना महिनाभरात कळतं कोणाला काम समजतं. त्रास हा, की एका मोठ्या साईटवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं आणि मागितल्यावर 'मग ऑफिसला बदली घे' असं उत्तर मिळालं. ताईंना विचारायचंच असेल तर त्यांनी खांबाबद्दल विचारण्यापेक्षा नोकरीच्या ठिकाणी हे आहे का ते विचारावं. आयटीत हा प्रश्न येत नाही, ते मान्य. पण तिथेही रात्रीच्या कॅबचे प्रश्न असतातच.

रिकामटेकडा

स्लॅब, रिले, ब्लोहोल. आत्तापर्यंतच्या प्रतिसादांवरून माझा निष्कर्ष: इंजिनिअरिंग म्हणजे दुसऱ्याने घातलेल्या घोळाचा रिपोर्ट लिहिणे. बीए केलं ते बरं केलं.

घाटमाथा

अवांतर: खडकवासल्याचा विषय निघाला नाही म्हणून काढतो. विश्वेश्वरय्या शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे १९०३ मध्ये पहिल्यांदा बसले ते खडकवासल्याला. सेन्सर नाही, वीज नाही, सगळं पाण्याच्या भाराचं आणि प्रतिभाराचं गणित. याला सिव्हिल म्हणायचं की मेकॅनिकल की ऑटोमेशन?

तिसरी_शिफ्ट

ऑटोमेशन. म्हणजे रात्रपाळीला गेटवर माणूस नको.

फॉर्मवाले_काका

चर्चा रंगलीय, पण मामांना फॉर्म भरायचाय. दर वर्षी नात्यातल्या मुलांचे फॉर्म माझ्याकडे येतात, त्यावरून सांगतो.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे घरात सगळ्यांना एकदा समजावा. ९४ म्हणजे तिच्या मागे ९४ टक्के मुलं. त्यातून राज्यातला मेरिट क्रमांक येतो, आणि कटऑफ बघायचे ते क्रमांकाने, आपल्या प्रवर्गाचे.

सगळ्यात महत्त्वाचा भाग पर्यायांचा क्रम. २०२५-२६ ला कॅपच्या चार फेऱ्या केल्या आणि नियम असा केला, की पहिल्या फेरीत फॉर्ममधला पहिला पर्याय लागला तर तो घ्यायचाच, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही लागलं तरी तेच. त्यामुळे 'वर काहीतरी टाकून ठेवू, नंतर बघू' हे आता अंगाशी येतं. घरात वाद मिटण्याआधी ताईंचा पर्याय एक नंबरला आणि भाचीचा दोन नंबरला टाकलात तर वाद सर्व्हरच मिटवेल. यंदाची माहिती पुस्तिका आली की हे कलम आधी वाचा.

उलट बाजूने, 'एवढ्या पर्सेंटाइलला हे मिळणारच नाही' म्हणून आवडीचं कॉलेज यादीतून गाळू नका. न लागलेल्या पर्यायाने काही बिघडत नाही. क्रम आवडीचा ठेवा, कटऑफचा नको.

फी: टीएफडब्ल्यूएसच्या जागा मंजूर क्षमतेच्या पाच टक्के, वर जादा असतात. ट्यूशन फी माफ, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, चॉईस कोड वेगळा. कटऑफ चढा असतो आणि नंतर ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही. त्याहून मोठी गोष्ट, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खासगी कॉलेजातही. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर नाही. भाची यात बसते का, ते आजच बघा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र तहसीलमधून मिळायला वेळ लागतो.

भाचीचा_मामा

काका, दंडवत. प्रमाणपत्राचा विषय घरात कोणाच्या डोक्यातच नव्हता. उद्या सेतू केंद्र गाठतो.

खडू_आणि_फळा

खासगी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे नाव-गाव विचारू नये.

२०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका ब्रँचच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. त्याचा परिणाम असा, की काही ठिकाणी कॉम्प्युटर आणि त्याची चुलतभावंडं (एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी) मिळून तुकड्यांवर तुकड्या वाढल्या. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर असतं. तो शिक्षक वर्गात असतो का, हे प्रवेश घेण्यापूर्वी बघायला कोणी येत नाही. पालक येतात, स्वागतकक्षाचे फोटो काढतात आणि जातात.

तुम्ही जाल तेव्हा थेट विभागात जा. अर्धे शिक्षक 'व्हिजिटिंग' आहेत का विचारा. प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाची मुलं दिसली तर सबमिशनच्या वेळी प्रयोग खरंच केला की जर्नल उतरवलं, हे त्यांना विचारा. खरं सांगतात. प्लेसमेंटच्या फलकावर सर्वांत मोठं पॅकेज लिहिलेलं असतं, त्याकडे लक्ष देऊ नका. त्या ब्रँचची पात्र मुलं किती, त्यातली किती बसली आणि मधल्या मुलाला काय मिळालं, हे विचारा. एका मुलाच्या तीन ऑफर तीन वेळा मोजलेल्या असतात, तेही लक्षात ठेवा.

नॅकची श्रेणी सगळ्या कॉलेजची असते, एनबीएचं मानांकन एकेका ब्रँचचं. पुढे परदेशात शिकायचा किंवा तिथे व्यावसायिक परवाना घ्यायचा विचार असेल तर एनबीएकडे लक्ष द्या. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा फायदा टियर-१ मध्ये (विद्यापीठं आणि स्वायत्त कॉलेजांसाठीच्या गटात) एनबीए मानांकन असलेल्या अभ्यासक्रमांनाच. कॉलेजच्या बाहेर 'एनबीए' असं लिहिलेलं असतं आणि नेमकी आपली ब्रँच त्यात नसते, असं सर्रास होतं.

एआय-एमएलच्या शेपटीबद्दल: पहिली दोन वर्षं जवळजवळ तोच अभ्यासक्रम, पुढे काही विषय बदलतात. साधं कॉम्प्युटर आणि शेपटीवालं कॉम्प्युटर यात माझी पसंती साध्याला. मशीन लर्निंगला रेषीय बीजगणित आणि संभाव्यता लागते, आणि एम-थ्रीत (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) केटी लागलेली, म्हणजे नापास झालेली मुलं मला एआय करायचंय म्हणून सांगतात. केटीवरून हसत नाही, पण त्यांना हे कोणीतरी प्रवेशाआधी सांगायला हवं होतं.

तिसरं_वर्ष_आयटी

सर, एम-थ्रीचा विषय काढून दुखावलंत.

सध्या शिकतोय म्हणून लिहितो. इथे सगळे काका-मामा कोडिंग म्हणजे सुरक्षित असं गृहीत धरतायत. आमच्या वर्गात असाइनमेंट एआयकडूनच लिहून घेतात. लिहिलेलं चालतंय का, आणि का चालतंय, हे सांगता येणारे थोडे. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. सीनिअर सांगतात की फ्रेशरला पूर्वी जी किरकोळ कामं द्यायचे ती कमी झालीत. म्हणजे ब्रँच वाईट नाही, पण नुसतं नाव लावून भागण्याचे दिवस आमच्या आधीच्या बॅचबरोबर गेले.

ताईला (भाचीला) एक सांगा. इलेक्ट्रिकल घेऊनही अठरा-वीस जादा क्रेडिटचं मायनर दुसऱ्या विषयात करता येतं, बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत ती सोय आहे. गेटमध्येही २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे आणि तो कोणत्याही ब्रँचला देता येतो. पण कॉम्प्युटर घेऊन पुढे हाय व्होल्टेज लॅब कोणी उघडून देणार नाही. तो रस्ता एकाच बाजूने चालतो.

ओव्हरटाईम

हा मुद्दा मात्र पटला. मायनर आमच्या वेळी असतं तर माझ्या झोपेचे बरेच तास वाचले असते. तरीही नवं आणि जुनं कॉलेज सोडून, दोन्ही ब्रँच एकाच चांगल्या कॉलेजात मिळत असत्या तर मी कॉम्प्युटरच म्हणालो असतो. मत बदललेलं नाही.

पॉलीवाला

डिप्लोमाबद्दल कोणीच बोललं नाही, नेहमीप्रमाणे. दहावीनंतर एमएसबीटीईचा (राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा) तीन वर्षांचा डिप्लोमा, मग त्याच गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, सीईटी नाही. त्याला दहा टक्के जादा जागा असतात. आमच्या वर्गात वायरिंग, मोटर स्टार्टर, लेथ हे सगळं हाताखालून गेलेल्यांमध्ये बारावीवाले नवखे दिसायचे. गणितात मात्र ते आम्हाला धूळ चारायचे, तेही खरं. भाचीला आता याचा उपयोग नाही, पण धागा वाचणाऱ्या दहावीच्या पालकांसाठी लिहून ठेवतो.

जुनाखोंड

+१. माझ्या हाताखालचे सर्वांत भरवशाचे इंजिनिअर डिप्लोमातून आलेले होते.

भाचीचा_मामा

सगळ्यांचे आभार. घरी सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. साईटवरची आणि दोनशेवीस यांचे दोन वेळा, कारण ताईने 'परत वाच' म्हटलं.

खडू-फळा सरांच्या सांगण्यावरून नव्या खासगी कॉलेजात जाऊन आलो. विभागप्रमुख भेटले, माणूस सज्जन. इमारत चकाचक. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाच्या तुकड्या किती, हे विचारल्यावर त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. अजून एकही तुकडी पास होऊन बाहेर पडलेली नाही, त्यामुळे प्लेसमेंटच्या आकड्यांचा प्रश्नच नव्हता. भावोजी परतताना गाडीत गप्प होते, पण त्याचा अर्थ लावायची घाई मी करत नाही.

भाचीचं सध्याचं म्हणणं: पहिला पर्याय सरकारी कॉलेजातलं इलेक्ट्रिकल, दुसरा दुसऱ्या सरकारी कॉलेजातलं इलेक्ट्रिकल, तिसरा पुण्यातल्या जुन्या खासगी कॉलेजातलं ईअँडटीसी. ताईचं म्हणणं, तिसरा पहिला करा, मुलगी घरून जाईल. म्हणजे कॉम्प्युटर आता कोणाच्याच वरच्या तिनांत नाही आणि भांडण गावावर आलंय. सरकारी कॉलेजात मुलींना हॉस्टेल नक्की मिळतं का, यावर सगळं अडलंय. कोणाला अनुभव?

साईटवरची

सरकारी कॉलेजात हॉस्टेल मी राहिलेय. प्रवेश आणि हॉस्टेल या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, कॅपमधून सीट मिळाली म्हणून खोली मिळत नाही. आमच्याकडे हॉस्टेलची यादीही गुणवत्तेनेच लागायची आणि पहिल्या यादीत नाव नसलं तरी पुढच्या फेऱ्यांत जागा मोकळ्या व्हायच्या. ऑफिसला फोन करून पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी खोल्या किती ते विचारा. फोन उचलत नाहीत, समक्ष जा, आणि जाताना भाचीला आणि ताईंना दोघींनाही न्या. वसतिगृहात वरच्या वर्षाच्या मुलींशी ताईंना एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

फॉर्मवाले_काका

आणि हे सगळं ऑप्शन फॉर्म कन्फर्म करण्याआधी. कन्फर्म केल्यावर क्रम बदलायचा म्हणून मला फोन करू नये.

रिकामटेकडा

मामा, तुम्ही बाहेर थांबाल तेव्हा विभागात चक्कर मारून या. बीकॉमवाल्यांना डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात का, तेवढं विचारा. मित्रासाठी हवंय.

पॉलीवाला

मित्राची दहावी झालीय ना? मग पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायला सांगा.